शेवटचं प्रकरण काढ म्हणालात

प्रमिलाताई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही काम अर्धवट टाकून गेलात, आणि तेही माझ्या गळ्यात बांधून. त्याचं मी काय करू, ते सांगायला असं म्हणणाऱ्यांतला एकही पुढे येत नाही.

मंगळवारी सकाळी साडेअकराला तुमचा फोन आला. पेणच्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात तेव्हा शाळेच्या दाखल्यांची झुंबड. एका हाताने मशीनवर कागद लावतेय, फोन मानेत धरलेला, समोरची बाई "ताई, माझं आधी" करून जीव खातेय. तुम्ही म्हणालात, "वनू, शेवटचं प्रकरण काढ." मी म्हटलं, "बरं." तुम्ही म्हणालात, "ठेवते मग." एवढंच. आणि गुरुवारी रोह्याहून तुमच्या भाचीचा, मेधाचा फोन. दुपारी जेवून आडव्या झालात त्या चहाला उठलाच नाहीत.

आता मला सांगा, काढ म्हणजे काय?

माझ्या दुकानात हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. "दोन कॉप्या काढा." "ह्याची प्रिंट काढा." आणि त्याच तोंडाने, "यादीतून सासऱ्यांचं नाव काढा, वारले ते." काढा म्हणजे छापा, आणि काढा म्हणजे पुसून टाका. पंचवीस वर्षांत माझी एकदाही चूक झाली नाही, कारण माणूस समोर उभा असतो, हातात कागद असतो, तोंडाकडे बघितलं की कळतं. तुम्ही रोह्याला होतात. तुम्हाला त्या प्रकरणाची पुन्हा प्रिंट हवी होती की ते पुस्तकातून उडवायचं होतं? एरवी मी म्हटलं असतं, प्रिंटच हवी असणार, दुसरं काय. पण त्याआधी तीन आठवडे मीच तुमचा पिच्छा पुरवला होता, "ते शेवटचं प्रकरण काढा, काढा, काढा." म्हणजे उडवा. मग तुम्ही माझा शब्द मला परत दिलात, की तुमचा तुम्ही वापरलात? मी रात्रंदिवस हेच घोकतेय आणि रोज मला वेगळं वाटतं.

मेधा म्हणाली, वाचनालयाच्या अंकात मावशीवर दोन शब्द लिहा. तुमचा जन्म, शिक्षण, पुस्तकं किती, सन्मान कुठले, ते लिहायला जाणती माणसं आहेत. "तुम्ही आठवणी लिहा," म्हणाली. मला कसल्या आठवणी लिहिता येतायत. मला आपलं भांडण पुरं करायचंय.

तरी वाचणाऱ्याला कळायला हवं म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्ही नऊ वर्षांपूर्वी दुकानात आलात, कापडी पिशवीत हस्तलिखित घेऊन. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं कापून दोऱ्याने शिवलेली. मी मनात म्हटलं, आली एक कविता करणारी. तुम्ही म्हणालात, "ऐतिहासिक कादंबरी आहे." मी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटायचं ऐतिहासिक म्हणजे घोडे, किल्ले, आणि लिहिणारा कुणी भारदस्त मिशीवाला. तुम्ही पाच फुटांच्या, छत्री घेऊन आलेल्या.

ती कादंबरी एका तेलिणीची होती. इकडच्या गावांत घाणे चालवणारी ज्यू घरं होती, ती शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आता बहुतेक सगळी परदेशी गेली. हे मला काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक की शनिवारी आपण तेल विकत घेत नाही. मी म्हटलं, बाईंचं लिहिताना काहीतरी उलटंपालटं झालंय. "शनवारी तेली तेल देत नाही" असं जिथे जिथे होतं तिथे मी "शनिवारी लोक तेल घेत नाहीत" करून टाकलं. चाळीस पानं केली अशी, आणि वर तुम्हाला सांगितलं की मी जरा सुधारलंय. तुम्ही तिथेच स्टुलावर बसून वाचलंत, चष्मा कपाळावर चढवलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग पदराने तोंड पुसून म्हणालात, "वनू, काना-मात्रा सुधार. शब्द घालू नको. माझ्या मजकुरात शब्द माझाच राहू दे." मी म्हटलं, बरं. त्या दिवसापासून तुमच्या पानांत मी स्वतःचा शब्द घातला नाही.

एकदा चहा घातला, पण तो चुकून. ती ह्या नव्या कादंबरीतली गोष्ट, जिचं शेवटचं प्रकरण माझ्या मानगुटीवर बसलंय. ह्यात ठकू आहे, दोनशे वर्षांपूर्वीची, खाडीकाठची. तिच्याकडे पाहुणे येतात, ती चुलीवर पाणी ठेवते. माझी बोटं आपोआप "चहाचं पाणी" अशी पडली. तुमचा फोन, "वनू, कंपनी सरकार नुकतं आलंय, माझ्या ठकूला चहा कोण पाजतंय गं?" मी म्हटलं, "अहो, पाहुण्यांना नुसतं पाणी द्यायचं?" तुम्ही म्हणालात, "गूळ दे. आणि तुझा चहा तूच पी."

आणि ते कंपनी सरकार! मी घरी प्रूफ मोठ्याने वाचत होते, माझी आई गावाहून आलेली. "कंपनीची माणसं खाडीकाठाला आली, मोजणी सुरू झाली," असं वाचलं तर आये एकदम म्हणाली, "डोलवीच्या कारखान्याची काय गो? मानसं लावतायत?" तुम्हाला सांगितलं तर तुम्ही लगेच वही काढलीत. "हे मला शंभर पानांत जमलं नसतं," म्हणालात. मला कळेना त्यात लिहून घेण्यासारखं काय होतं. आत्ताही धड कळलेलं नाही.

तुमचे प्रकाशक तुम्हाला विचारायचे, "बाई, कादंबरी ऐतिहासिक म्हणता, तर लढाई कुठाय?" तुम्ही म्हणायचात, "आहे की. बायका रोज बांधावर माती टाकतात." ते म्हणायचे, "शस्त्र वगैरे?" "टोपली आहे," तुम्ही म्हणायचात. मग फोन ठेवून माझ्यापाशी कुरकुरायचात, पुरुषाने लिहिलं की तो इतिहास आणि बाईने लिहिलं की घरगुती. मला तेव्हा हसू यायचं. पण तुमच्यापायी माझी एक खोड झाली. कुठल्याही भाषणात, कुठल्याही नाटकात राजा मोहिमेवर निघाला की मला प्रश्न पडतो, ह्याच्या भाकऱ्या कुणी थापल्या? नववीत शाळा सोडलेल्या माझ्यासारखीला तुम्ही हे लावून दिलंत. त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानायला हवे होते.

तुमची काम करण्याची तऱ्हाच वेगळी. जे रांधून बघितलं नाही ते कादंबरीत कुणी जेवणार नाही. जे उचलून बघितलं नाही ते कुणी उचलणार नाही. म्हणून तर दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याबरोबर आमच्या गावाला आलात, कासूला उतरून पुढे खाडीकडे. अडुसष्ट वर्षांची बाई चिखलाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावर चढली. आये खालून ओरडतेय, "उतरव गो बाय, मान मोडंल तुजी!" आणि तुम्ही पावलं मोजताय. मग घरी येऊन जवळ्याची आमटी ओरपलीत, दोनदा भात घेतलात.

त्याच दिवशी कासूच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना मी तुम्हाला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. तिथेच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आमची शेती खारातली. खाडीचं पाणी बांधाने अडवायचं आणि आत भात लावायचं. बांधाला एक दार असतं, उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची, आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीच्या आधी फळी टाकून बंद करायची, नाहीतर खाडी शेतात. एकदा का खारं पाणी आत आलं की दोन-दोन, तीन-तीन वर्षं भात विसरायचा. माझी आजी, आयेची आई चांगुणा, उघाडीवर असायची. आणि एका उधाणाच्या दिवशी तिने मुद्दाम फळी टाकली नाही. खोत तिला चारचौघांत काहीबाही बोलला होता, त्याचं उभं पीक तिने बुडवलं. हे आयेने मला लहानपणापासून सांगितलेलं. "तुजी आजी वाघीन व्हती, पन कुनाला बोलायचं नाय," हे वर. मी कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला सांगितलं, छाती फुगवून सांगितलं.

तुम्ही शेंगदाणे खात ऐकत होतात. सगळं ऐकून झाल्यावर विचारलंत, "पण वनू, त्याच खारात तिचं स्वतःचं शेत नव्हतं?"

"होतं की."

"मग तेही बुडालं असेल."

"बुडालं असेल. रागात माणूस एवढं बघतो का?"

तुम्ही म्हणालात, "हं."

ते हं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. गाडी आली आणि राहिलं.

मग दोन वर्षांनी शेवटचं प्रकरण माझ्याकडे टायपिंगला आलं. मी टाईप करत गेले आणि हात थांबले. तुमच्या ठकूलाही उघाडी राखायचं काम. तिच्याही गावचा खोत माजलेला. दोनशे पानं तुम्ही तिला ताठ उभी केलेली. मी मनात म्हणतेय, आता दाखवते बघा माझी आजी! आणि तुम्ही काय लिहिलंत? ठकूची पोर तापाने फणफणलेली, तीन दिवस मांडीवर. भर दुपार. ठकू ओहोटीला उघाडी उघडून आली, पोरीला मांडीवर घेऊन कुडाला टेकून बसली, आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भरती आत आलेली. झालं. राग नाही, सूड नाही, काही नाही. पुढे गाव म्हणायला लागतं की ठकूने खोताला बुडवलं. ठकू हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आणि शेवटी पोर कुशीत डोळे मिटून पडलीय, तिथेच पुस्तक संपतं.

माझं डोकंच फिरलं. रविवारी दुकान बंद ठेवून मी रोह्याला आले. तुम्ही दार उघडलंत आणि माझं तोंड बघून म्हणालात, "आधी बस, मग भांड."

मी उभ्यानेच सुरू केलं. "दोनशे पानं उभी केलीत आणि शेवटी झोपवलीत तिला?"

"दमली होती गं ती."

"आमच्या घराण्यात एक वाघीण होती. एकच. ती पण तुम्ही काढून घेतलीत."

"वाघिणी पुष्कळ लिहून झाल्यात, वनू. दमलेली बाई कुणी लिहिली, सांग मला."

तेव्हा मी जे बोलले ते मी इथे लिहितेय, म्हणजे निदान एकदा तरी कबूल केल्यासारखं होईल. मी म्हटलं, "तुम्ही ब्लॉकमध्ये पंख्याखाली बसून लिहिणार, आणि आमच्या आज्यांना झोपाळू ठरवणार. तुम्हाला काय कळतंय रात्र-रात्र जागायचं म्हणजे काय?"

तुम्ही मान वळवलीत. ओट्याकडे बघत राहिलात. मग हळूच म्हणालात, "ह्यांच्या आजारपणात एकदा माझा डोळा लागला होता."

तुमच्या यजमानांना तुम्ही सहा वर्षं अंथरुणावर सांभाळलंत, हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, ही बाई आता विषय बदलतेय, मला रडवून गप्प करतेय. मी म्हटलं, "माझी गाडी जाईल," आणि पिशवी उचलली. मग काय झालं, किती वेळ डोळा लागला, जाग आली तेव्हा काय होतं, काही विचारलं नाही. तुम्ही जिन्यापर्यंत येऊन वालाच्या शेंगांची पिशवी दिलीत. ती मी रागाने घेतली. घेतली मात्र.

त्यानंतर तीन आठवडे फोनवर माझं एकच तुणतुणं, ते प्रकरण काढा. तुमचं एकच, "बघू." आणि मग तो मंगळवार.

तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी आले तेव्हा मेधाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, मावशीचं टेबल बघा, तिने कुठे काही लिहून ठेवलंय का. आम्ही दोघींनी सगळं उपसलं. शेवटच्या प्रकरणाची मी आधी पाठवलेली प्रिंट सापडली. एकही दुरुस्ती नाही. फक्त शेवटच्या पानावर, पोर डोळे मिटून पडलीय त्या ओळीशेजारी, पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह. एवढंसं. म्हणजे काय? ओळ नको? प्रकरण नको? की आणखी काही हवं होतं? अहो, नऊ वर्षं तुमचं अक्षर मी लावलं, जे तुम्हालाही लागायचं नाही तेसुद्धा लावलं. आणि शेवटी तुम्ही मला एक चिन्ह ठेवून गेलात.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकांचा फोन. "सोमवारपर्यंत फाईल लागेल. प्रकरणं सव्वीस की सत्तावीस?" मी म्हटलं, कळवते. नवरा म्हणाला, "तुला नकोच होतं ना ते? मग टाक काढून. बाई स्वतः सांगून गेली." बरोबर होतं त्याचं. मला हवं तेच झालं होतं. मी ते पान उघडून बसायचे, सगळं सिलेक्ट करायचे, आणि एक बटण दाबायचं तर हात धजायचा नाही. मग वाटायचं, ठेवूया. मग आजी आठवायची. मग वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी एवढा मोठा शब्द मागे घेतला असेल तर मी तो मोडणारी कोण. मग वाटायचं, तुम्ही कधी कुणासाठी एक अनुस्वार मागे घेतला नाहीत. प्रकाशकाने लढाई मागितली तर त्याला टोपली दिलीत, आणि वनूसाठी अख्खं प्रकरण सोडाल? मग वाटायचं, सोडलंही असेल. वालाच्या शेंगा दिल्यात ना. असं चाललेलं.

रविवारी मी गावाला गेले. खरं सांगते, मी साक्षीदार गोळा करायला गेले होते. आयेला ते प्रकरण वाचून दाखवायचं, तिने तुम्हाला चार शिव्या घालायच्या, आणि मी मोकळ्या मनाने ते उडवायचं, असा माझा हिशेब. आयेला वाचता येत नाही. ती पडवीत सूप घेऊन जवळा निवडत बसली होती. मी म्हटलं, "आये, प्रमिलाताईंनी लिहिलंय, ऐक."

वाचत गेले. ठकू कुडाला टेकते, तिचा डोळा लागतो, तिथे आयेचे हात थांबले. ठकूला जाग येते, आणि बाहेर बघायच्या आधीच तिला कळतं, असं तुम्ही लिहिलंय. "पाणी बघायच्या आधी तिला आपली झोप दिसली." हे वाक्य मी टाईप केलं होतं, चार वेळा प्रूफ बघितलं होतं. आता मोठ्याने वाचताना तिथेच अडले. मला तुमचा ओटा आठवला, आणि तुम्ही त्याच्याकडे बघत काय म्हणाला होतात ते आठवलं. मी विचारायला हवं होतं, ताई. पाच मिनिटं उशीर होऊन गाडी चुकली असती तरी दुसरी होती.

वाचून झालं. आयेने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "ह्ये तिला कोनी सांगितलं गो?"

"काय?"

"पोर मांडीवर व्हती ते."

मला काही कळेना. मी म्हटलं, "आये, ही ठकू. गोष्टीतली आहे. दोनशे वर्षांपूर्वीची."

"ती मी व्हते," आये म्हणाली. "पाच वर्सांची असंन. तीन दिस ताप उतरत नव्हता. आय बसल्या बसल्या झोपली."

"म्हणजे तिने मुद्दाम..."

"कसलं मुद्दाम. आपलं बी शेत व्हतं ना त्यात." आयेने सूप खाली ठेवलं. "मी जागी व्हते गो. पानी आल्याचा आवाज मला आला. घुळघुळ, घुळघुळ. मी आयकला. पन मी तिला उठवली नाय. तीन दिसांनी तिचा डोला लागलेला. मला वाटलं, झोपू दे तिला जरा."

प्रमिलाताई, माझी आई ऐंशी पार झालेली आहे. हे वाक्य तिने पंच्याहत्तर वर्षं पोटात ठेवलं होतं.

"मग वाघीण?" मी विचारलं.

"लोकं तिला झोपाली म्हनायची. तोंडावर म्हनायची, मरंपर्यंत. झोपाली चांगुना. माझ्या पोरींनी आजीला वाघीन म्हनावं, असं मला वाटलं. म्हून मी सांगितलं तसं." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "त्या बायला मी नाय सांगितलं. देवाशपथ नाय. तिला कसं कळलं?"

मी काय सांगणार होते? तुम्ही शेंगदाणे खात विचारलेल्या त्या एका प्रश्नावरून ओळखलंत, की तुमच्या घरात घडलेलं काहीतरी तुम्ही ठकूच्या झोपडीत नेऊन ठेवलंत? कादंबरी लिहिणारी बाई अंदाज करते की आठवते? नऊ वर्षं तुमच्यासाठी टाईप केलं आणि हे एकदाही विचारलं नाही. मी तुम्हाला तोंडावर म्हटलं होतं, आमच्या आज्यांना झोपाळू ठरवताय. गावाने आजीला जो शब्द मरेपर्यंत ऐकवला, तोच मी तुमच्यासमोर फेकून आले. आणि तुम्ही ज्या बाईची बाजू घेत होतात, ती माझीच होती.

मी रडत होते. आये रडत नव्हती. तिचं डोकं भलत्याच गोष्टीत अडकलं होतं.

"त्यातली पोर वाचली काय?" तिने विचारलं.

"लिहिलं नाही, आये. डोळे मिटून पडलीय, तिथे संपतं."

"का नाय लिवलं?"

"कादंबरीत असं ठेवतात. वाचणाऱ्याने ठरवायचं."

"वाचनाऱ्याला काय ठावं?" आये चिडली. तिचा राग आणि माझा एकाच भट्टीतला. "पाच पोरं झाली तिला. दोन नातसुना आल्या. मी हाय ना हितं बसलेली! लिव तू, वाचली म्हून."

"ते पुस्तक माझं नाही गं."

"मग कुनाचं? ती बाय गेली. मी काय अजून थांबू?"

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी फाईल पाठवली. सत्तावीस प्रकरणं. तुम्ही प्रिंट मागितली होती की उडवायला सांगितलं होतं, ते मला अजूनही कळलेलं नाही. त्या पेन्सिलीच्या खुणेचा अर्थ पोरीचं काय झालं असा होता, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, मी माझ्या सोयीचा अर्थ लावतेय, शनिवारच्या तेलासारखा. तसं असेल तर तो माझा दोष, तुमचा नाही. आणि तुमचा डोळा लागला त्या दिवशी तुमच्या घरात काय झालं, ते आता मला कुणी सांगणार नाही. तेवढं माझ्यापाशी तसंच राहणार.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, ती मी मेधाला सांगितलेली नाही, प्रकाशकांनाही नाही. हे छापून येईल तेव्हा त्यांना कळेलच, मग काय बोलायचं ते बोलोत. तुमच्या शेवटच्या ओळीखाली मी एक ओळ घातली. तुमची नाही, माझी. नऊ वर्षांत पहिल्यांदा जाणूनबुजून घातलेली. दोनच शब्द आहेत. "पोर वाचली." तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून मला झापलं असतंत आणि मी ऐकून घेतलं असतं. पण माझी आई म्हातारी झालीय, ताई, आणि ती पुस्तक हातात घेऊन मला पहिलं विचारणार आहे, शेवटाला काय लिवलंय ते वाच.